जिच्या हातून कप फुटतो

आमिना हमदुलेकडे बेसबॉलची वही आली, ती केवळ ती जागची उठत नसे म्हणून. कुवेतमधल्या महबूल्यातल्या मैदानावर शुक्रवारी दुपारी पोरांचे सामने असायचे. बाकीचे आईबाप गाडीत एसी लावून मोबाईल चोळत बसत. ही बाई मात्र घडीच्या खुर्चीवर, मांडीवर शेंगदाण्याची पुडी घेऊन, शेवटचा चेंडू पडेपर्यंत ठाण मांडून. प्रशिक्षक नबील, अमेरिकेत शिकून आलेला कुवेती माणूस, दोन शुक्रवार हे बघत होता. तिसऱ्या शुक्रवारी त्याने तिच्या हातात स्कोअरची वही, पेन्सिल आणि नियमांचं जाडजूड पुस्तक ठेवलं. पुस्तक आमिनाने आदराने घरी नेलं आणि फ्रीजवर ठेवून दिलं.

आमिना दाभोळच्या खाडीकाठची. नवरा तौफीक एका कंपनीत मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कंपनीचे कागद फिरवणारा. बारा वर्षांची लेक अलिना त्या मुलामुलींच्या संघात शॉर्टस्टॉप. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा. सगळ्यात जास्त चेंडू तिथेच येऊन आदळतात. यंदा सासू हफिजा व्हिजिटवर आली होती. तिला घरी एकटीला करमेना, म्हणून तिचीही खुर्ची मैदानावर.

फलंदाजीचं गणित आमिनाला चटकन जमलं. पोर किती खेपा बॅट घेऊन उभी राहिली, त्यातल्या किती खेपांना स्वतःच्या फटक्यावर बेस गाठला, भागाकार करायचा. वाईट चेंडू पडून फुकटचा बेस मिळाला तर ती खेप धरायचीच नाही. अलिनाचे वीस खेपांत सहा, म्हणजे पॉइंट तीनशे. नबीलच्या मते हे झकास होतं. तौफीक म्हणाला, आमच्या बोर्डात पस्तीसला पास, ही पाच मार्कांनी उडाली. हफिजाला वेगळंच वाटलं. दहात सातदा चुकून वर शाबासकी देणारा खेळ आमच्या वेळी कुठं होता, असं तिने विचारलं.

क्षेत्ररक्षणाचं तर त्याहून सोपं. निभावलेले चेंडू वर, निभावलेले अधिक चुकलेले खाली. आता चूक कशाला म्हणायचं, यासाठी आमिनाला पुस्तक उघडायची गरज वाटली नाही. चेंडू हाताला लागून सुटला, की चूक. हा नियम तिला सासरी पाठ झाला होता. घरात सुना दोन. आमिना भांडी घासायची, थोरली पाहुण्यांत बसायची. सात वर्षांत आमिनाच्या हातून अकरा कप फुटले, थोरलीच्या हातून एकही नाही. हफिजा हे आकडे आल्यागेल्याला तोंडपाठ ऐकवी: "धाकटीनं अकरा फोडलान. थोरलीचा हात बघा."

तोच नियम आमिनाने वहीत चालवला. आपल्याच लेकीच्या नावापुढे चूक मांडताना आपण फार न्यायी आहोत, असंही तिला वाटायचं.

जानेवारीत स्पर्धेसाठी संघ निवडायचा म्हणून नबीलने वहीवरून आकडे काढले. अलिनाकडे चाळीस चेंडू आलेले, त्यात आठ चुका: पॉइंट आठशे. तिसऱ्या बेसवरच्या तल्हाकडे दहा चेंडू आणि चूक शून्य: पूर्ण हजार. ठरलं. स्पर्धेत शॉर्टस्टॉपला तल्हा उभा राहणार, अलिना राखीव.

"इट्स फाइन, मम्मा," म्हणून अलिनाने ग्लोव्ह कपाटावर फेकला. दोन दिवस तिने घावनाला हात लावला नाही.

तेव्हा कुठे आमिनाने फ्रीजवरचं पुस्तक खाली काढलं. त्यात लिहिलं होतं, की साध्या खेळाडूने साध्या प्रयत्नात पकडला असता असा चेंडू सुटला तरच ती चूक. धावत जाऊन, अंग फेकून हात लावला आणि निसटला, तर ती चूक नव्हे. तो फटका मारणाऱ्याचा गुण. आणि ज्या चेंडूकडे कोणी गेलंच नाही, त्याचा ठपका कोणावरच नाही. आमिनाने वही उघडली. एकेक चेंडू तिला आठवत होता. आठातल्या सहा चुका तिने सासरच्या नियमाने लिहिल्या होत्या. त्या काढल्या तर चौतिसांत बत्तीस, म्हणजे पॉइंट नऊशे एकेचाळीस.

शुक्रवारी ती खोडरबर घेऊनच नबीलकडे गेली. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, नियम बरोबर आहे तुमचा. पण निवडीच्या आठवड्यात आईच लेकीच्या सहा चुका खोडते, हे मी बाकीच्या आईबापांना कसं सांगू? सगळे सामने बघितलेलं दुसरं कोणी आहे का?

दुसरे सगळे गाडीत होते. नऊ शुक्रवार खुर्चीवर होती ती फक्त हफिजा.

नबील तिच्यापुढे उकिडवा बसला, हज्जा म्हणून अदबीने विचारलं, आणि दुभाषी म्हणून आमिना उभी राहिली. हफिजाने तोंडातले दाणे संपवले.

"ही पोर पडते, झडते, पन चेंडवाला हात लावते," ती म्हणाली. "तो तल्हा जाग्यावरना हालत नाय. बाजूनं गेला, तर गेला. त्याच्या हातना काय सांडनार? आमच्या थोरल्या सुनेसारखा हाय तो. ती भांड्याला हातच लावायची नाय, मग कप फुटंल कसा?"

आमिनाने सासूकडे बघितलं. सासू पदरातली शेंगदाण्याची सालं झटकत होती.

आमिनाने ते सगळं इंग्रजीत सांगितलं, थोरल्या सुनेसकट. नबीलला नीट कळलं नसेल म्हणून पुन्हा एकदा सांगितलं. त्याने मान हलवली, वही घेतली आणि सहा खुणा स्वतःच्या हाताने खोडल्या.

स्पर्धेचा पहिला सामना. शॉर्टस्टॉपला अलिना. पहिलाच चेंडू आला तो सरपटत, सावकाश, सरळ तिच्या ग्लोव्हकडे. कोणाही पोराने उचलला असता असा. तो तिच्या दोन पायांमधून मागे निघून गेला.

आमिनाची पेन्सिल कागदावर थबकली. नियमात काही सापडतं का, म्हणून तिने पुस्तकाकडे हात नेला.

शेजारच्या खुर्चीतून हफिजा कलली.

"लिव गो," ती म्हणाली. "ह्यो खराच फुटला."

आमिनाने लिहिलं.