आवशीच्या गोळीचा प्रताप

"डॉक्टरानू, माका ताकदीचा इंजेक्शन होया. आत्ताच्या आत्ता!"

मालवणच्या माझ्या दवाखान्यात दत्ताराम पँट सैल करूनच उभा होता. मालबोटीवरचा खलाशी, महिनाभराच्या रजेवर आलेला. साठ सालानंतरची ही गोष्ट. अर्धी रजा संपली, पण गड्याला बायकोजवळ जायची इच्छाच होईना.

"ती म्हणता, तुमका माझो वीट इलो. उद्या देवगडाक माहेराक जाता."

मी म्हटलं, "अरे, त्या इंजेक्शनात पुरुषाच्या अंगात तयार होणारं हार्मोन असतं. ते रक्तातून मेंदूत जाऊन इच्छा जागवतं. पण अंगात कमी असेल तरच उपयोग. पुरेसं असताना बाहेरून घातलं, तर शरीर म्हणतं, आयतं मिळतंय, मी कशाला राबू? आणि स्वतःचा कारखाना बंद करतं."

"म्हणजे आसा ता पण जातला?" पँट लगेच वर गेली.

तपासलं. नाडी मंद, नाक चोंदलेलं, डोळ्यांवर झापड. मला सर्पगंधेच्या गोळीचा संशय आला.

"ब्लडप्रेशरची गोळी घेतोस?"

"छ्या! माका खंयचा प्रेशर? आवस रोज आपली एक गोळी देता, तितकीच. बोटीवर माझी झोप मोडली म्हणान."

मी कपाळावर हात मारला. त्याच्या आईचं, भागीरथीकाकूंचं, उतरलेलं प्रेशर पुन्हा का चढलं, या कोड्यात मी होतो. माउली मी दिलेल्या सर्पगंधेच्या गोळ्या मुलाला चारत होती! वर नातू दे म्हणून देवाला गाऱ्हाणंही घालत होती.

सर्पगंधा मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली, निरोप पोचवणारी रसायनं रिकामी करते. प्रेशर उतरतं, डोकं शांत होतं, आणि इच्छाही निजते. गोळी थांबवली की साठा हळूहळू भरतो.

बायकोला बोलावून सगळं समजावलं. ती आधी हसली, मग रडली. "माका वाटला, मुंबयत दुसरी ठेवली!"

माहेर रद्द झालं. रजा वाढवायला मी सर्टिफिकेट दिलं. त्यावर 'विश्रांतीची गरज' असं लिहिताना मला हसू आवरेना.

पुढच्या वर्षी काकू नातवाला कडेवर घेऊन आल्या. प्रेशर नॉर्मल. निघताना हळूच म्हणाल्या, "डॉक्टरानू, ह्यो रातचो झोपणा नाय. माझ्या गोळयेतलो इल्लोसो तुकडो..."

"काकू!" मी खुर्चीतून उठलोच.

त्या दिवसापासून काकूंनी रोज दवाखान्यात यायचं आणि गोळी माझ्यासमोर गिळायची, असा नियम मी केला. कुठलं औषध द्यायचं ते कॉलेजात शिकवतात. ते कोणाच्या पोटात जातं, ते आपणच बघावं लागतं.