मढ, दुसऱ्यांदा: दोन जावा, बोंबील आणि न दिसलेला कट

"सिनेमा शिकतंस म्हणजे नक्की काय शिकतंस गो?"

गेल्या शनिवारी सकाळी सहा वाजता, नाहूरच्या आमच्या स्वयंपाकघरात, डब्यात घावणे भरता भरता आईने हे विचारलं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. बी.कॉम. म्हणजे बँकेतली नोकरी, हे आईने मनाशी पक्कं केलं होतं. त्यानंतर मी फिल्मच्या कोर्सला प्रवेश घेतला आणि तिचा नकाशाच हरवला. "आल्यावर सांगते," म्हणून मी सटकले.

निघण्याचं कारण आधी सांगते. महिन्याभरापूर्वी आम्हाला एक सराव दिला होता: कुठलंही एक काम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तीन मिनिटांत, संवादाशिवाय. मी मढच्या कोळीवाड्यात जाऊन बोंबील सुकत घालणाऱ्या हिरामावशींना शूट केलं. वर्गात दाखवल्यावर सर म्हणाले, "कट कुठे आहे, एक शॉट संपून दुसरा कुठे लागतो, ते कळतच नाही." चार दिवस मी जमिनीवर नव्हते. कोर्सची शेवटची पंधरा मिनिटांची फिल्मही हिरामावशींवरच करायची, असं तेव्हाच ठरवून टाकलं. त्याचा प्रस्ताव सोमवारी द्यायचा होता, सोबत त्यांच्या संमतीची सही. म्हणजे शनिवारचा बेत सोपा: मावशींना फिल्म दाखवायची, सही घ्यायची, जेवून परत.

घाटकोपरला प्राची भेटली. ती माझ्या फिल्मचा आवाज सांभाळते. खांद्यावर माइकची बॅग, तोंडात खारी. तिथून मेट्रोने शेवटचं स्टेशन वर्सोवा, तिकीट चाळीस रुपये. सकाळी लवकर निघालात तर बसायला जागा मिळते आणि अंधेरीच्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरी निवांत बघता येतात. स्टेशनबाहेरून रिक्षाने वर्सोव्याची, म्हणजे कोळ्यांच्या वेसाव्याची, जेट्टी गाठायची आणि फेरीबोटीने पलीकडे मढ. बोटीत माणसं, टोपल्या, स्कूटर सगळं एकत्र चढतं. सुटे पैसे जवळ ठेवा, मोठी नोट काढलीत तर ऐकून घ्यावं लागेल. ओहोटीला पायऱ्या शेवाळलेल्या असतात, चप्पल घट्ट असू द्या. पावसाळ्यात मात्र फेरी सुरू आहे का हे विचारूनच निघा, नाहीतर मालाडहून बसने लांबचा वळसा पडतो.

बोटीत माइकची बॅग बघून एक काका म्हणाले, "शूटिंग काय? बंगला कुठला तुमचा?" मढच्या बंगल्यांत मालिकांची शूटिंगं चालतात, म्हणून इथे येणारी प्रत्येक बॅग कुठल्या तरी मालिकेची, असं धरूनच चालतात.

"बंगला नाही काका, बोंबील," प्राची म्हणाली.

"हा? मग मेकप कोणाला लावता, बोंबलाला?"

अख्खी बोट हसली. पलीकडे पोहोचेपर्यंत आमचं नाव 'बोंबीलवाल्या' पडलं होतं.

जेट्टीपासून कोळीवाडा चालत. वाटेत टपरीवर चहा आणि आईचे घावणे. नऊच्या आत पोहोचा, कारण ओले बोंबील तेव्हाच टांगतात. बांबूंच्या उंच मांडवाला आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात, त्याला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. लांबून बघितलं तर उन्हात गुलाबी झालर लटकल्यासारखी दिसते. वास पहिली दहा मिनिटं येतो. नंतर तुम्हीच त्यात असता.

हिरामावशी टोपलीशी बसल्या होत्या. मागे त्यांची धाकटी जाऊ, जनामावशी, दोरीवर जोड्या टाकत होती. गेल्या वेळी मी तिलाही थोडंसं शूट केलं होतं. दोघी माझ्या फोनवर वाकल्या. पडद्यावर हिरामावशींचा चेहरा आला, सकाळच्या उन्हात, नजर खाली. मग हात, झपाझप जबडे अडकवणारे. मग पुन्हा चेहरा. माझा सगळ्यात लाडका भाग.

"थांब," हिरामावशी म्हणाल्या. "परत लाव."

मी परत लावलं.

"त्वांड माजं हाय. हात माजे नाय."

जनामावशीने आपली उजवी करंगळी वर केली. जाळ्याच्या दोरीने कधीतरी तुटलेली, वाकडीच जुळलेली. पडद्यावरही तीच करंगळी होती. अख्ख्या वर्गाला, सरांना, कुणालाही न दिसलेला कट त्या दोघींना एका क्षणात दिसला.

"मावशी, तो फोकस गेला होता ना, म्हणून..." प्राचीने मला वाचवायला सुरुवात केली.

"नाही गं," मी म्हटलं. फोकस गेला नव्हता. हिरामावशींचा चेहरा मला फिल्ममध्ये शोभणारा वाटला होता. पण त्यांची बोटं आखडतात, हात हळू चालतात. जनामावशीचे हात सुरेख होते, पण तिच्या चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला होता आणि ती सारखी बोलत होती. मी दोघींतलं मला हवं तेवढं कापून एक बाई तयार केली. मी हे विसरले नव्हते. मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

"तीस वर्सं हेच चाललंय," जनामावशी थोरल्या जावेला म्हणाली. "बोंबील मी टाकतंय, न लोक बोलतात हिराची वलांडी. आता ह्या पोरीनं त्याचा शिनेमा पन काढला."

"मग मी काय बसून माशा मारतंय?"

"मी बोलली तसं?"

"तुज्या त्वांडावर हाय ना!"

"त्वांड तर तुजंच घेतलंय, माजं कुठाय?"

आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या, त्या दोघीही. मी मात्र हातातला सहीचा कागद घडी करून खिशात घातला. मग जनामावशी माझ्याकडे वळली. हसू गेलं होतं. "मी सही नाय देनार. न ही पन नाय देनार."

हिरामावशींनी जावेकडे बघितलं आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही.

सोमवार दोन दिवसांवर होता. मी बाह्या वर सारल्या आणि विचारलं, "मी टाकून बघू?" जनामावशीने टोपली पुढे सरकवली. पहिला बोंबील हातातून निसटला, दुसऱ्याचा जबडा मोडला. तिसरी जोडी दोरीवर टाकली ती खाली वाळूत. "वाट लागली," प्राची माझ्या कानात म्हणाली. पाचव्या-सहाव्या जोडीला हिरामावशींनी माझ्यासमोर दोन बोंबील धरले, अगदी एका लांबीचे, तोंडं एकाच बाजूला. ती जोडी सरळ बसली. पुढची पण.

तेव्हा कळलं. हिरामावशी खाली बसून बारकाईने एका मापाचे दोन-दोन बोंबील निवडून देत होत्या, म्हणून जनामावशीचे हात वर झपाझप चालत होते. काम एकीचं नव्हतंच. मी कॅमेरा इतका जवळ नेला होता की दोघींच्या मधली देवाणघेवाण मला एकदाही दिसली नाही.

टोपली रिकामी होईपर्यंत आम्ही तिथेच होतो. दुपारी हिरामावशींच्या ओटीवर तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण खाल्लं. मी पैसे विचारले तर जनामावशी म्हणाली, "तुजे मोडलेलेच शिजवलेत, गप खा." निघताना सहीचा कागद मी खिशातच राहू दिला. जनामावशीच म्हणाली, "आधी ते नीट कर. मग ये."

रविवारी घरी बसून मी जुनं सगळं फुटेज पुन्हा चाळलं. एक लांबचा शॉट होता, अडीच मिनिटांचा. प्राचीच्या माइकची सावली वाळूत पडलेली, मधून एक स्कूटर जाते, म्हणून तेव्हा मी तो टाकून दिला होता. त्यात खाली हिरामावशी, वर जनामावशी आणि एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जाणारे बोंबील. आई मागे उभी राहून बघत होती. पहिली फिल्म तिने "बरी आसा" म्हणून सोडून दिली होती. आता ती जवळ आली. "ही दुसरी कोण गो? हात बघ कसो चलता हिचो!" शनिवारचा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही, मीही विषय काढला नाही. दोघींनी मिळून तो शॉट तीनदा बघितला.

मढला जाणार असाल तर जरूर जा. बंगले बाहेरून बघा, बोंबील जवळून बघा, आणि मग चार पावलं मागे सरकून पुन्हा बघा.

सोमवारी मी वर्गात उभी राहून ते हात कुणाचे होते ते सांगितलं आणि सरावाची फिल्म मागे घेतली. त्या जागी सावली आणि स्कूटरसकट तो एकच शॉट जमा केला. सरांनी गुण कमी केले, प्रस्तावाला मात्र आठवड्याची मुदत दिली. बुधवारी मी पुन्हा मढला गेले आणि दोघींना तो शॉट दाखवला. प्रस्ताव आज दिला. त्यावर दोन सह्या आहेत. पहिली जनामावशीची.