थोरल्या स्विचचा मान

माझं चुकलं. घ्या, आधीच सांगून टाकलं! आता कसं चुकलं ते चहा संपेपर्यंत ऐका, आणि हसायचं ते शेवटी हसा. मध्ये कोणी दात काढले तर मी उठून जाईन.

मी शेलार गावचा. ऑफिसांच्या नेटवर्कची कामं करतो. म्हणजे सगळे कॉम्प्युटर, प्रिंटर वायरीनं आणून एका डब्याला जोडायचे. त्या डब्याला स्विच म्हणतात. काल्हेरच्या बाळारामशेठच्या ट्रान्सपोर्टचं काम पहिल्या दिवसापासून माझ्याकडे. तेव्हा आठ कॉम्प्युटर आणि एक स्विच. पुढे गोदामं वाढली, माणसं वाढली, आणि दसऱ्याला वरचा नवा मजला सुरू करायचं ठरलं. तेवढ्यात ठाण्याची एक कंपनी शेठच्या कानाला लागली. म्हणे, "एवढं मोठं काम सुरेशला झेपणार नाही. वर्षभराचं काम आम्हाला द्या."

झेपणार नाही? मला? मी तडक शेठसमोर उभा राहिलो. "दसऱ्याला पहिल्या गाडीचा गेटपास नव्या मजल्यावरून छापून देतो. नाही छापला तर द्या काम त्यांना!"

"बघ हां सुऱ्या," शेठ म्हणाले, "साडेअकराच्या आत गाडी गेटाच्या भायेर पायजे. मुहूर्त हाय."

मी नवे तीन स्विच आणले आणि खास केबलनं एकमेकांत गुंफले. असं केलं की तीन मिळून एकच मोठा स्विच होतो. ऑफिस वाढलं की आणखी एक जोडा, बस! एकत्र कुटुंबासारखंच. त्यात एक मास्टर असतो. सगळ्या सेटिंग त्याच्याकडे, बाकीचे तो सांगेल तसं वागतात. मी एका नव्याला मास्टर नेमलं. आठ दिवस सगळं झकास चाललं. इथंच थांबलो असतो तर आज तुमच्यासमोर मान वर करून बसलो असतो!

दसऱ्याच्या सकाळी पूजेसाठी सगळं बंद केलं. स्विचना हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. शेठनी कपाटावरचा जुना स्विच पाहिला. "ह्याला का रं भायेर ठेवलास? सगला धंदा ह्याच्यावर उभा ऱ्हायला."

मलाही गलबलून आलं. जोडायला जागा कमी पडत होतीच. मी जुना पुसला, सगळ्यात वर बसवला आणि त्याच खास केबलनं बाकीच्या तिघांत गुंफला.

प्रज्ञाताई गेटपासचं काम बघतात. त्यांनी विचारलं, "दादा, त्यातल्या जुन्या सेटिंग काढल्यात ना?"

"ताई, दसऱ्याला कोणी थोरल्या माणसाला कोरं करतं का?"

काय वाक्य होतं! शेठनीसुद्धा मान डोलावली. नारळ फुटला, आणि मी मानानं आधी थोरला चालू केला. मग अख्खी आरती झाली. त्यानंतर बाकीचे तीन.

प्रज्ञाताईंनी गेटपास काढायला घेतला. प्रिंटर सापडेना! नवा मजला ठार बंद. खाली मात्र जुने आठ कॉम्प्युटर टणाटण चालू. बरोबर आठ! अहो, शेंबड्या पोरालाही शंका आली असती. मला आली? छे! मी आधी इलेक्ट्रिशियनवर घसरलो. मग इंटरनेटवाल्याला फोनवर झापला. मग सगळे स्विच बंद करून पुन्हा चालू केले. आधी थोरला, मग दोन मिनिटं थांबून बाकीचे. शिस्त म्हणजे शिस्त! असं तीनदा केलं.

"दादा, सगळे एकदम चालू करून बघायचे का?" प्रज्ञाताई म्हणाल्या.

"ताई, हे पंखे आहेत का?"

खालून ड्रायव्हरनं हाक मारली, "सेठ, पास मिलेगा, या मैं खाना खाके आऊँ?"

अकरा वाजून गेले. मी ठरवलं, वरची वायर उंदरानं खाल्ली! शिडी लावली आणि नव्याकोऱ्या सिलिंगला भोक पाडून आत डोकं घातलं.

"अरं मेल्या! रंग पन सुकला न्हाय अजून!" शेठ ओरडले. "उतर खाली!"

"फॉल्ट सापडल्याशिवाय उतरणार नाही!"

शेठचं डोकं सटकलं. त्यांनी भिंतीवरचा मेनच पाडला. सगळीकडे अंधार. तरी मी उतरलो नाही! पण पाहुणे घामानं निथळायला लागले, म्हणून शेठनी चरफडत मेन परत वर केला.

पाच मिनिटांत माझ्या शिडीखालीच प्रिंटर घरघरला. गेटपास!

मी वरूनच ओरडलो, "सापडला फॉल्ट! उंदरानं वायर कुरतडली होती, जोडली बघा!"

तुम्हाला म्हणून सांगतो, तिथं वायरच नव्हती. नुसती धूळ होती.

मुहूर्ताला तीन मिनिटं बाकी असताना गाडी गेटाबाहेर पडली. टाळ्या झाल्या. केसांत सिलिंगचा भुगा घेऊन मी दोन पेढे खाल्ले. तिसरा उचलला, तेवढ्यात प्रज्ञाताई स्क्रीनवरून मान वर करून म्हणाल्या, "शेठ, उंदीरबिंदीर काही नव्हता. दादा दर वेळी जुना आधी चालू करत होते, म्हणून तोच मास्टर व्हायचा. त्याला नव्या मजल्याची खबरच नाही. तुम्ही मेन वर केलात तेव्हा चारही एकदम चालू झाले, म्हणून दादांनी नेमलेला नवा स्विच मास्टर झाला."

शेठनी आधी भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजे मी दुरुस्त केला?"

"हो."

"मंग ह्यो वर काय करत व्हता?"

सगळे हसले. हसू देत! मी तिसरा पेढा तोंडात टाकला आणि ठणकावून सांगितलं, "मास्टर कोणी नेमला होता? मी! गेटपास छापला की नाही? छापला! शब्द पाळलाय मी!"

आणि ठाण्याच्या कंपनीला काम मिळालं नाही, हे आजही छाती ठोकून सांगतो. मिळालं बाळारामशेठना! जरा कुठं नेट अडलं की ते स्वतः जाऊन मेन पाडतात, वर करतात, आणि मिशीवरून हात फिरवत बसतात. दोन महिने मला बोलावणं नाही. शेवटी परवा मीच फोन केला, "शेठ, काही अडचण?"

"न्हाय रं," शेठ म्हणाले. "तुझ्या वळखीत कुनाचा नेट बंद पडला असंल त सांग. मी जाऊन येतो."