वारुळाची खोली

गोपाळकाकांना वाटेत वारूळ दिसलं की ते तिथंच उकिडवे बसत आणि त्याच्या भोकावर तळहात धरून आतली हवा अजमावत. लग्नाच्या कपड्यांतसुद्धा. "चाललं ह्यांचं नाडी बघणं," काकू म्हणायच्या. काका देवासच्या एका कारखान्यात नकाशे काढत आणि आमच्या शेजारी राहत.

मग काकूंना पक्षाघात झाला. एक अंग गेलं, वाचाही गेली. ते दिवस तासन्‌तास वीज जाण्याचे. मे महिन्याच्या दुपारी काकू घामात भिजून बंद पंख्याकडे बघत पडलेल्या असत. "वाळवीच्या घरी कधी लाइट जाते का?" असं म्हणत काकांनी मागच्या अंगणात खोली बांधायला घेतली. जाड मातीच्या भिंती, कडुलिंबाच्या सावलीकडे जमिनीलगत भोकं आणि छतावर उंच धुराडं. तापलेली हवा वरून निघून जाणार, तिच्या जागी खालून गार हवा येणार.

"भिया, मकान बना रिये हो के बामी?" पलीकडच्या चौहानजींनी विचारलं. बामी म्हणजे वारूळ.

"बामीच समझो. एक दुपहर सोके देखो."

चौहानजी आडवे झाले ते चहालाच उठले. गल्लीत ती 'वारुळाची खोली' झाली. नागपंचमीला बायका चेष्टेचेष्टेत दूध-लाह्या घेऊन आल्या, आणि आत खाटेवर पडलेल्या काकू कितीतरी महिन्यांनी, तोंड वाकडं करून का होईना, हसल्या. काका दारात उभे राहून रडले.

पण वारुळाबरोबर नागाची भीतीही येतेच. पुढच्या उन्हाळ्यात काकूंची धाकटी बहीण, कुसुममावशी, धारहून आल्या. एके दिवशी काका औषधं आणायला इंदूरला गेले असताना शेजारी साप निघाल्याची ओरड झाली. बहिणीला दंश होऊ नये म्हणून मावशींनी सगळ्या भोकांत जुन्या गोधड्या कोंबल्या, दार घट्ट ओढून घेतलं आणि काठी घेऊन बाहेर राखण करत बसल्या. वीज नव्हती. काकूंना हाक मारता येत नव्हती.

काका परतले तेव्हा सगळं संपलं होतं. हृदय आधीच थकलेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी एकेक गोधडी ओढून काढली आणि नीट घडी घालून ठेवली. मावशी त्यांच्या पायांवर डोकं आपटत होत्या. "तू तिला जपतच होतीस, कुसुम," एवढंच ते म्हणाले. मला मावशींचा संताप आला होता, आणि काकांचाही. माणसानं इतकं चांगलं कशाला असावं?

धारला मावशींचं कुणी उरलं नव्हतं, त्या इथंच राहिल्या. पुढचा मे तापू लागला तशी काकांनी त्यांची खाट त्या खोलीत नेऊन टाकली. मावशी नको नको म्हणत रडायला लागल्या.

"झोप गं. तिच्या वाट्याची हवा आहे. वाया कशाला घालवायची?"

स्वतः मात्र ते जाईपर्यंत दर उन्हाळ्यात बाहेरच्या ओट्यावर, लू अंगावर घेत झोपले.