दगडाबाईच्या फोटोभोवतीची झेंडूची फुलं

गोरक्षनाथ बोलायला उभा राहिला की पाथर्डी तालुक्यातल्या माणसाला वाटतं, आपणही एकदा मरून पाहावं. बावीस वर्षं तो दशक्रियेला श्रद्धांजली वाहतोय. त्याच्या तोंडून कोणीही वाईट गेलेला नाही. गावभर शिव्या देत फिरणारा म्हातारासुद्धा दहाव्याला 'स्पष्टवक्ता' होतो, आणि समोर बसलेल्या सुना एकमेकींकडे बघतात.

मी वैजनाथ, त्याचा शाळासोबती. माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस असो की दहावा, फोटो माझ्याकडेच येतो. पन्नाशी उलटल्यावर एक दिवस गोरख दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "वैजा, जन्मभर मेलेल्या मान्सांचंच बोललो. एकदा जित्त्या मान्साचं बोलायचं हाय." त्याला मोबाईलवर आपल्या भागातल्या साध्या माणसांच्या खऱ्या गोष्टी सांगायच्या होत्या. बोलणार तो, व्हिडिओ जोडून टाकणार मी. वय झालं की माणसाला काय सुचेल सांगता येत नाही, पण त्याचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते. मी हो म्हणालो.

पहिलं माणूस त्याने निवडलं ते दगडाबाई. वय चौसष्ट, बावीस हंगाम ऊसतोडीला गेलेली, आता गावात शेळ्या राखते. नवरा रामहरी कानाने थोडा कमी. बाई तोंडाची तिखट, पण तिच्या दारातून उपाशी कोणी गेलेलं नाही. आम्ही दिवसभर तिच्याकडे बसलो. तिने खूप सांगितलं. एका हंगामात फडावर बायांना आंघोळीला आडोसा नव्हता, तेव्हा तिने मुकादमाच्या ट्रॅक्टरची चावी काढून पदराला बांधली आणि आडोसा उभा राहिल्यावरच सोडली. हे सांगताना ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

गोरखने यातलं काहीएक घेतलं नाही. त्याच्या मते ते हलकं होतं. त्याने घसा साफ केला आणि 'दगडाबाई म्हणजे कष्टाचा डोंगर, मायेचा सागर' अशी सुरुवात करून शेवट केला तो 'दोन मुलं, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडं असा मोठा परिवार आहे' इथे. जिभेला बावीस वर्षांचं वळण, ती दुसरीकडे कशी जाणार?

त्याला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. अर्धी चूक माझी होती. माझ्याकडे फोटोचा तयार साचा होता, मधे गोल, भोवती झेंडूची फुलं, खाली समई. मी समई काढली. फुलं छान दिसत होती म्हणून राहू दिली, आणि मागे बासरी लावली. संध्याकाळी व्हिडिओ टाकला आणि समाधानाने जेवायला गेलो.

पाऊण तासात चारशे लोकांनी हात जोडले होते. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'एक पर्व संपलं.' कोणी वीस सेकंदांच्या पुढे पाहिलं नव्हतं, फुलं आणि गोरखचा आवाज एवढ्यावर तालुक्याची खात्री पटली होती. आम्ही व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो लोकांच्या स्टेटसला जाऊन बसला होता.

सकाळी उजाडताच आम्ही दगडाबाईच्या दारात. ती बाजरी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. लेक फोनवर रडली, जावई रजा टाकून निघाला होता, हे सगळं तिने शांतपणे सांगितलं, आणि पुन्हा आपलं नाव काढशील तर याद राख, असं गोरखला बजावलं. गोरख मान खाली घालून उभा होता. मला त्याचं वाईट वाटलं. एका जिवंत माणसाची गोष्ट सांगायची एवढंच त्याला हवं होतं, आणि तेही हातचं गेलं होतं. यापुढे या तालुक्यात कोण त्याच्यासमोर बसणार?

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. शेवगावकडची माणसं उतरली, बायांनी तिथूनच हंबरडा फोडला. पुढे पुंजाराम, दगडाबाईचा धाकटा भाऊ. त्याच्या हातात हिरवी साडी होती. सवाष्ण बाई गेली की शेवटची साडी माहेराहून येते, तीच ती. मयताची खात्री कोणी फोनवर करत नाही, आणि बहिणीचा नंबर तरी त्याच्याकडे कुठे होता? वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडायची सही घ्यायला अठरा वर्षांपूर्वी त्याने माणूस पाठवला, स्वतः आला नाही. तिने कागद फाडला. त्यानंतर भाऊबीज बंद, बोलणं बंद.

सूप हातात घेतलेल्या बहिणीला पाहून पुंजाराम अंगणातच खाली बसला. बाया गप्प झाल्या. दगडाबाई साडीकडे बघत राहिली.

"अठरा वर्सं वाट पाह्यली," ती म्हणाली. "ही आनायला मला मरावं लागलं व्हय?"

पुंजारामने साडी मांडीवर ठेवली.

"कागद आनलाय का संगं?"

"न्हाई, आक्का. साडीच आनलीय."

मग मात्र तिने सूप टाकलं. दोघं गळ्यात पडून इतकी रडली की रामहरीही धावत आला आणि कोण गेलं म्हणून विचारू लागला. मी डोळे पुसले, खोटं कशाला बोलू. आणि गोरख, ज्याला शांतता सोसत नाही तो गोरख, एक शब्द बोलला नाही, मोबाईलही काढला नाही.

चहा झाल्यावर दगडाबाईनेच त्याला जवळ बोलावलं.

"माझं समदं चांगलं सांगितलंस, म्हनून लोकांनी फुलं वाह्यली," ती म्हणाली. "आता चावीचं सांग, भांडनाचं सांग. खोडी सांगितल्या की कळंल लोकांना, बाई जित्ती हाय."

आठ दिवसांनी पुंजाराम पुन्हा आला आणि आम्ही दुसरा व्हिडिओ केला. मयताची साडी अंगाला लावू नये, असं शेजारणींनी परोपरीने सांगितलं. दगडाबाई तीच नेसून बसली. गोरख सुरुवातीला एकच वाक्य बोलला, "ही साडी भावानं बहीन मेली म्हनून आनली हुती." पुढे सगळं तिने सांगितलं, चावी, ट्रॅक्टर, फाडलेला कागद. बासरी नाही, फुलं नाहीत. लोकांनी शेवटपर्यंत पाहिला. खाली राहुरीच्या एका माणसाने लिहिलं होतं, 'उद्या बहिणीकडं चाललोय.' गोरखने ते मला तीनदा वाचून दाखवलं.

शेवटी पुंजारामचं बोलणं आहे. ते ठेवायचं की कापायचं यावर आमचं भांडण झालं, आणि एकदाचा मी हरलो. त्याने दबक्या आवाजात विचारलं होतं, "आक्का, ही आत्ताच नेसलीस. मग त्या दिवशी काय?"

"त्या दिवशी दुसरी आन," दगडाबाई म्हणाली. "तवर दर भाऊबीजंला येक आनत जा."