साडूने मला मरू दिलं नाही

एकोणीसशे त्रेसष्ट साल. मी चौतीस वर्षांचा होतो, आणि रोह्याच्या माझ्या साडूसारखा आडमुठा माणूस अख्ख्या मुलखात दुसरा नव्हता, हे मी तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो. नाटकाचं वेड एवढं, की कोलाडला प्रयोग असला तर भातझोडणी टाकून जायचा. पण शेवटच्या अंकाची घंटा झाली की चप्पल शोधायला लागायचा. खांब गावात तर बसलेल्या बायकांच्या डोक्यांवरून उड्या मारत निघाला. का रे बाबा? तर म्हणे, "नायक मरताना मी बघितला नाय, म्हणजे तो मेला नाय. घरी जाऊन सुखानं जेवतो." आधी असा नव्हता. आदल्या साली सीमेवरच्या लढाईत त्याचा धाकटा भाऊ बेपत्ता झाला, तेव्हापासूनचं हे.

त्या वर्षी पेणला आम्ही मिठागरवाल्यांनी संगीत नाटक बसवलं. लढाईवर गेलेला सरदार आणि वाट बघणारी त्याची बायको. सरदार मी. दुसरी शिकलेला माणूस, पदं वाचता येईनात. नाटक बसवणाऱ्या मास्तरांच्या तोंडून ऐकून सहा महिने मीठ ओढताना घोकली. शेवटचं मरणाचं पद माझं एकट्याचं. त्या एका पदासाठीच जन्माला आलो म्हणा. आणि कपड्या-पडद्यांचा मचवा ओहोटीत धरमतर खाडीच्या गाळात रुतला! माणसं तर जमलेली. मग खुर्च्या मांडून, आपापल्या सदऱ्यात बसून, सगळं नाटक नुसतं गायचं ठरलं. पडदा नाही, घंटा नाही. साडू पहिल्या रांगेत फसला.

सरदाराला भाला लागला, असं मास्तरांनी वाचून सांगितलं, पेटीवाल्याने सूर धरला, मी डोळे मिटले, आणि साडू उभा! "ए साडू, खबरदार मेलास तर! रक्त नाय, जखम नाय, मरतोस कशाला? ऊठ, घरी चल!" मांडव हसून लोळला. माझी बायको झालेला मुकादम, नाटकापायी मिशा उतरवलेला, तोसुद्धा पोट धरून हसत होता. मी ओरडलो, "खाली बस, नायतर तुलाच मारीन!" त्यावर आणखी हशा. पद तोंडातच राहिलं. ते नाटक पुन्हा झालं नाही, ते पद कुणी ऐकलं नाही. राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस्टीने रोह्याला गेलो, वाटभर शिव्या जुळवत. साडू ओट्याखाली भावाची सायकल उलटी करून साखळीला तेल घालत होता. वर बघितलं नाही. "आलास? काल नीट घरी पोचलास ना?" म्हणाला. "चाक धर जरा. घट्ट."

मी वाकून चाक धरलं.