खांबावरच्या रेघा

आमच्या शाळेची इमारतच मुलांचं पुस्तक होती. पायऱ्यांवर पाढे, दारामागच्या फरशीवर कोन आणि व्हरांड्यातल्या खांबावर मी रंगवलेली उंचीची पट्टी. दर जूनला मुलं तिथे पाठ टेकवून उभी राहायची आणि मी पेन्सिलीनं रेघ ओढून नाव लिहायची.

खिचडी शिजवणाऱ्या सखूबाईंची कुसुम तिसरीत असताना तापानं गेली. पटावर मुलंच उरली नव्हती, म्हणून त्याच वर्षी शाळाही बंद झाली. किल्ली सखूबाईंकडेच राहिली.

परवा, जूनच्या भर दुपारी, जुनी कागदपत्रं आणायला मी त्यांच्यासोबत गेले. खांबावरची सगळी नावं पुसट झाली होती, कुसुमचं मात्र ठळक होतं. तिच्या शेवटच्या रेघेच्या वर थोड्या थोड्या अंतरानं आणखी चार रेघा होत्या. सगळ्यात वरची माझ्या हनुवटीला लागत होती.

"सखूबाई, या कुणी ओढल्या?"

"मीच. दर जूनला ओढते. वाढतं वय आहे ना, बाई."

त्यांनी कनवटीची पेन्सिल काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जरा सरा. तिला उभं राहू द्या."

मी सरले.